डुबीच्या रेतीचा स्लॅब

कुणाच्याही घरी गेले की मी आधी भिंत वाजवते. पाणी येतं, चहा येतो, तोवर माझ्या बोटाचं पेर प्लास्टरवर टकटक करून परत आलेलं असतं. आत भरीव आहे की पोकळ, ओल धरली आहे की नाही, हे कळल्याशिवाय मला बसवतच नाही. नवरा म्हणतो, तुला घरी बोलावणं म्हणजे डॉक्टरला जेवायला बोलावणं, जेवता जेवता यजमानाची जीभ बघेल. पूर्णा गावात गोदामांच्या मागे राखेच्या विटा आणि ब्लॉक बनवणारा एक कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. दिवसभर ब्लॉक मशीनमध्ये दाबून फोडायचे आणि किती भाराला फुटले ते लिहायचं, हे माझं काम. फोडायचीच सवय लागलेल्या बाईला स्वस्थता कुठून येणार?

बाबाची खोड वेगळी होती. तो कुणाच्या घरी गेला की वर बघायचा. दारातून आत पाऊल टाकलं की आधी छताकडे नजर, मग माणसांकडे. वर्षानुवर्षं मी त्याचा एकच अर्थ लावत आले: बाबाला स्लॅब हवा आहे. तो उघड बोलूनही दाखवायचा, त्यामुळे दुसरा काही अर्थ असेल असं मनातच आलं नाही.

आमचं गाव भिवंडीजवळ, कोन गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आता गावाच्या तिन्ही बाजूंना गोदामं आणि ट्रक आहेत, पण माझ्या लहानपणी गावातले अर्धे बाप्ये रेतीवर जायचे. डुबी मारून रेती काढायची. होडी खाडीत उभी करायची, लांब बांबू तळाशी रोवायचा, आणि त्याला धरून बादली घेऊन खाली जायचं. तळाशी चाचपडत बादली भरायची, दोरीला हिसका द्यायचा, वरचा माणूस ओढून घेणार. बाबाचा दम गावात सगळ्यांत मोठा होता. त्या दमापायी त्याचे कान गेले. डाव्या कानाला थोडं ऐकू येतं, उजव्यापाशी लग्नाचा बेंजो वाजला तरी त्याला पत्ता लागत नाही.

गावात पहिले पक्के स्लॅब पडले ते बाबाच्या रेतीचे. आमच्याकडे घरभरणीपेक्षा स्लॅबचा दिवस मोठा. पहाटेपासून मिक्सर घरघरतो, पाहुणेरावळे टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन येतात, घरमालक सिमेंटचे शिंतोडे अंगावर मिरवत नवरदेवासारखा फिरतो, आणि दुपारी काँक्रीट अर्ध्यावर आलं की कामगारांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना मटण आणि तांदळाची भाकरी. या जेवणाला बाबाचा मान असायचा. रेती त्याची. मालकाला घालतात तसा त्यालाही टॉवेल घालायचे. आमच्या पेटीत नव्या कोऱ्या टॉवेलांची चळत लागली होती, आणि डोक्यावर कौलं होती. दर वेळी काहीतरी आडवं आलं. कधी आईचं आजारपण, कधी माझं शिक्षण, मग खाडीतली रेती काढायलाच बंदी आली. बाबा दर वर्षी मे महिन्यात कौलांवर चढून घर शाकारायचा आणि खाली उतरल्यावर सांगायचा, पुढच्या साली स्लॅब.

घर पाहावं बांधून, म्हणतात. आमच्या शेताचा एक तुकडा गोदामाच्या रस्त्यात गेला, त्याचे पैसे आले आणि ती वेळ आली. मला तर उकळ्या फुटल्या. दुसऱ्यांच्या ब्लॉकची ताकद मोजण्यात आयुष्य चाललं होतं, आता स्वतःच्या आईबापाचं घर माझ्या मनासारखं होणार होतं. राख आणि चुन्याचे ब्लॉक, म्हणजे भट्टीत लाकूड-कोळसा जाळायला नको. चुन्याचं प्लास्टर, त्यात यंत्रमागाखाली साचतो तो कापसाचा कचरा पिंजून मिसळलेला, म्हणजे तडे जात नाहीत. हे मी स्वतः करून, सुकवून, दाबून बघितलं होतं. भिवंडीत तो कचरा पोत्यांनी पडलेला असतो. आणि छप्पर म्हणाल तर औषध मारलेल्या बांबूच्या कैच्या, वर आमचीच जुनी कौलं. एका चर्चासत्रात असं घर मी पडद्यावर बघितलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

बाबानं मी कागदावर काढलेलं घर बराच वेळ बघितलं. कागद उलटा करून मागेही बघितलं. मग विचारलं, "ह्याला स्लॅब कंचा?"

मी सांगितलं, नाही. आणि मग मी जे सुरू झाले ते थांबेचना. सिमेंट बनवताना केवढा धूर होतो, स्लॅबखालची खोली एप्रिलमध्ये कशी भट्टी होते, पुढच्या काळात लोक असं बांधणारच नाहीत, आपण आधी बांधून दाखवू. उचलली जीभ लावली टाळ्याला. शेवटी मी हेही बोलून गेले की खाडी रिकामी करून आपण घरं भरली.

"ती रिकामी मीच केली," तो म्हणाला. "मना ठावं हाय. तरी मना स्लॅब पायजे."

आठवडाभर घरात धुसफुस चालली. त्याला स्लॅब हवा होता आणि मला तो घालायचा नव्हता, एवढीच गोष्ट. पण दोघंही एकाच रक्ताचे. मी प्रयोगशाळेत ब्लॉक फोडता फोडता त्याच्याशी मनातल्या मनात भांडायचे. आई शेवटी वैतागून म्हणाली, तुम्ही दोघं घर बांधा, मी देवळात राहते.

तडजोड मीच काढली. स्लॅबमध्ये वरचं काँक्रीट दाब घेतं आणि खालच्या सळ्या ताण घेतात. खालच्या भागातलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन म्हणून लोंबकळत असतं. तिथे सळ्यांच्या चौकटींत जुनी कौलं दोन-दोन जोडून ठेवली तर तेवढं काँक्रीट वाचतं, वजन घटतं आणि कौलांच्या पोटातल्या हवेमुळे ऊनही कमी उतरतं. हे काही मी शोधलेलं नाही, पुष्कळ ठिकाणी करतात. मला वाटलं, बाबा खूश होईल. स्लॅब तर मिळतोय.

तो इतका चिडला की माझ्या आयुष्यात त्याला तसं बघितलं नव्हतं. "ह्याच कौलांच्या खालून सुटाया मी स्लॅब मागतंय," तो म्हणाला, "आन तू तीच कौलां परत माज्या डोक्यावर घालतंस."

बरं, मला ती कौलं खालून उघडी दिसायला हवी होती. लाल कौलं, त्यांच्यामध्ये राखाडी पट्ट्या, फोटो फार सुंदर येतात. खरं सांगायचं तर निम्मा हट्ट फोटोचाच होता. आईनं निकाल दिला: कौलं आत जाऊ देत, पण खालून प्लास्टर, पाहुण्यांना एकही कौल दिसता कामा नये. आत काय आहे ते देवाला ठाऊक. बाबा गप्प बसला, मीही. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

भिंती उभ्या राहिल्या. जुन्या घराची मागची पडवी तेवढी आईबाबांना राहायला ठेवली होती. मी रोज कारखान्यातून सुटून कल्याण रस्त्याच्या खड्ड्यांतून, ट्रकांच्या मधून स्कूटर काढत साइटवर यायचे, दिवसभराचं काम वाजवून बघायचे, दोन ब्लॉक काढायला लावायचे. मिस्त्री उत्तर प्रदेशचा, स्वभावानं गरीब. मला बघितलं की तो हातातली थापी खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "बजा लो दीदी, फिर हम आगे बढ़ें." बाबा जोत्यावर बसून असायचा. ब्लॉकबद्दल तो कधी बरंवाईट बोलला नाही. एकदाच प्लास्टरवर हात फिरवून म्हणाला, गोधडीसारखा लागतंय.

रेतीचा विषय निघणार होता आणि मी त्याची तयारी करून ठेवली होती. मला खात्री होती की बाबा म्हणेल, स्लॅबला खाडीचीच रेती आणू, ओळखीनं कुठूनतरी मिळेल. जन्मभर ज्या रेतीनं त्याला मान दिला ती त्याच्या स्वतःच्या स्लॅबात नको, हे कसं सांगायचं? बंदीचं कारण पुढे करायचं की खारेपणाचं? मी वाक्यं पाठ करत होते. आणि तो स्वतःच म्हणाला, खाडीची नको.

दगड दळून केलेल्या रेतीचा ट्रक आला. बाबा ढिगापाशी गेला, चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली, थुंकला. ढिगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूची चिमूट घेतली. मग आत हात खुपसून मधली. मला हसू आलं. मी म्हटलं, बाबा, मी तपासून आणली आहे, आणि लोखंडाला खाईल एवढं मीठ जिभेला कळतही नाही, त्याला औषध घालून बघावं लागतं. त्यानं ऐकलं की नाही कळेना, म्हणून मी डाव्या कानापाशी जाऊन परत सांगितलं.

तो थोडा वेळ हात झटकत राहिला. मग त्यानं विचारलं, "खारी रेती न धुता टाकली, तर सलयेला खायाला कवरी वर्सां लागतात?"

मी प्रयोगशाळेतल्या नव्या पोरींना सांगते तशा सुरात सांगितलं. मीठ आत असलं की सळई गंजते, गंज फुगतो, फुगला की खालचं काँक्रीट ढकलतो, आणि मग पोपडे पडतात. आधी बारीक, मग मोठे. कुणाचं वीस वर्षांत होतं, कुणाचं तीस. वाक्य संपता संपता माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलते आहे ते.

"म्हंजे आताच," तो म्हणाला. आणि पायात चपला न घालता मागच्या पडवीकडे गेला.

तो घरोघरी वर का बघतो, ते मला त्या ढिगापाशी कळलं. तो बघत होता तो हावरेपणानं नाही. तो आपली रेती कशी आहे ते बघत होता. आणि मग एकेक आठवायला लागलं. मामाकडे दिघाशीला गेलो की तिथल्या विटांच्या घरात तो निवांत घोरायचा, पण गावातच कुणाकडे मुक्काम पडला तर पडवीत झोपायचा, आत गरम होतं म्हणून. ज्याला जन्मभर स्लॅब हवा होता, तो कुणाच्याही स्लॅबखाली झोपत नव्हता.

स्लॅबच्या दिवसाचं आमंत्रण द्यायला मी आत्याकडे गेले. आत्या बाबाची धाकटी बहीण, लग्न होऊनही गावातच राहिलेली, दोन गल्ल्या पलीकडे. बाबा रोज सकाळचा पहिला चहा तिच्याकडे घेतो. तिच्या बैठकीच्या खोलीला मागच्या वर्षी पीओपीचं खोटं छत केलं होतं. मधोमध फूल, कडेनं निळा दिवा. गावात आता बऱ्याच घरी असं आहे, एकानं केलं की दुसरा करतो. मी आपली सवयीनं थट्टा केली, आत्या, तुझं घर म्हणजे हॉल झालाय, भाड्यानं देतेस का? आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या जळमटं काढायच्या कुंच्याचा दांडा उचलून छताला लावणार, तोच तिनं माझा हात धरला.

"नको," ती म्हणाली. "तुज्या बाबाला दिसाया नको म्हनून लावलंय."

मी दिव्याचं झाकण काढून भोकातून मोबाइलचा उजेड आत टाकला. वर जुना स्लॅब होता. सळ्या उघड्या पडल्या होत्या, फुगून सालपटं सुटलेल्या, आणि पीओपीच्या पाठीवर पडलेल्या काँक्रीटचे तुकडे साठले होते. एकेक तुकडा वाटीएवढा. त्याखाली, फुलाच्या बरोबर खाली, आत्याच्या नातीची गादी घातलेली होती. पोर पोटावर झोपली होती.

आत्या सांगत गेली. तिचं एकटीचं घर असं नव्हतं. सगळ्या आळीचं हेच होतं. कुणी फुलाफुलांचं प्लॅस्टिक ताणून बसवलं होतं, कुणी वरच्यावर रंग मारत होतं, आणि पलीकडच्या म्हाताऱ्यानं तर वर्षभर पडवीत खाट टाकली होती आणि विचारलं तर ढेकणांचं नाव सांगायचा. बाबानं रेती आणून दिली तेव्हा एवढ्या खोल उतरायला दुसरा कुणी तयार नव्हता. धुवायची तर गोडं पाणी कुठून आणणार, प्यायचं पाणीच बायका डोक्यावरून आणत होत्या. मग त्याच्या तोंडावर आता कसं म्हणायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि डागडुजी काढली तर मिस्त्री येणार, ठोकाठोक होणार, बाबा बघायला येणार. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. मी तिला म्हटलं, गादी तरी आजच्या आज दुसरीकडे हलव. ती म्हणाली, हलवली तर तो सकाळी चहाला आल्यावर विचारेल.

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आधी संताप आला. एका माणसाचं मन राखायला अख्खी आळी मरणाखाली झोपते, हे कुठलं शहाणपण? आणि संतापाच्या खालीच काहीतरी इतकं मऊ होतं की मी तिथून पळत सुटले, घरी न जाता गावाबाहेर गोदामांच्या रस्त्यावर चालत राहिले. एक कंटेनर कानाशी हॉर्न वाजवून गेला तेव्हा भानावर आले.

पुढचे दिवस मी नुसती फिरत होते. जेवायला बसले की उठायचे. बाबाला सांगितलं तर तो मोडेल. नाही सांगितलं तर एखाद्या दुपारी तो स्लॅब त्या पोरीवर येईल. मी ठरवलं, त्याचा स्लॅबचा दिवस होऊ दे. एवढा एक दिवस त्याला मिळू दे, मग सांगीन. ठरवलं खरं, पण ठरवल्यावर आणखीच तगमग. आत्याला रोज सकाळी फोन करायचे, काहीबाही विचारायचे, खोबरं किती लागेल, पातेली कुणाची आणायची. तिला कळत होतं मी कशासाठी फोन करते ते. ती आधी म्हणायची, "ठीक हाय सगला," आणि मग खोबऱ्याचं सांगायची. आणि आमच्या घरी बाबा ताटावर बसून भाकरीचा तुकडा बोटांत चुरत राहायचा. त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे मला विचारवत नव्हतं.

स्लॅबच्या दिवशी सेंट्रिंगच्या फळ्यांवर सळ्यांची जाळी आणि तिच्या चौकटी-चौकटींत भिजवलेल्या कौलांच्या जोड्या मांडून झाल्या तेव्हा गावातले लोक शिडी चढून बघायला आले. हसले. कुणी म्हणालं, स्लॅबात कौलं म्हणजे धोतरावर पँट. मिस्त्रीलाही शंका होती, पण मी कारखान्यात असाच एक तुकडा ओतून त्यावर पोत्यांची थप्पी रचून त्याला दाखवली होती, त्यामुळे तो माझ्या बाजूनं बोलला. नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला. लोकांनी बाबाला टॉवेल घातले, टोपी घातली, एकावर एक इतके टॉवेल की त्याचे खांदे दिसेनात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या स्लॅबला घेतलेला मान आता त्याच्या स्वतःच्या स्लॅबचा होता. आई पदरानं डोळे पुसत होती. तो मात्र प्रत्येक घमेल्यात वाकून बघत होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता.

दुपारी अंगणात पंगत बसली. आमच्याकडे घरमालकानं पंगतीतून फिरून आग्रह करायचा असतो. बाबा भाकऱ्यांची टोपली घेऊन फिरत होता. पंगतीच्या मधोमध तो थांबला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा लागला ते कळत नाही. तो गरजेपेक्षा खूप मोठ्यानं बोलला, मिक्सरच्या वरताण.

"तुमच्या घरांवर माज्या रेतीचे स्लॅब हायत," तो म्हणाला. "ती रेती खारी होती. लोखंड खातं ती. तवा मना ठावं न्हवतं, आता ठावं हाय. वर काय झालंय ते माज्या पोरीला दाखवा. तिला कलतंय त्यातलं." मग थांबून म्हणाला, "जेवा आता."

वाढणारे होते तिथे उभे राहिले. मग पलीकडचा म्हातारा, तोच खाटेवाला, ताटातून वर न बघता म्हणाला, "आमचा तं चांगला हाय रं. कायपन झाला न्हाय." त्याच्या शेजारच्यानं मान डोलावली. आमचाही चांगला आहे. आमचाही. एकामागून एक, पंगतभर. आत्या म्हणाली, रस्सा आणा इकडे, भाकरी कोरडी झाली. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, ओठांवरून वाचत होता. टोपली घट्ट धरलेली. मला त्या सगळ्यांचा राग राग आला, आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी सोडत होते. खालून कुणीतरी हाक मारली. आळीतली एक सून. मी शिडी उतरले तशी माझ्या कानात कुजबुजली, जमलं तर येऊन जा, वर फार झालंय, पण बाबांना सांगू नका. ती गेली आणि दुसरी आली. मग म्हाताऱ्याची लेक. सगळ्यांचं एकच: बघायला ये, पण तुझ्या बाबाला सांगू नको. काल त्यानं भर पंगतीत सांगून झाल्यावरही. बाबा जोत्यावर बसून होता, हातात चहाचा रिकामा कप. आत्याकडे आज तो गेला नव्हता.

शेवटची बाई गेल्यावर त्यानं मला विचारलं, "काय बोलत होत्या?"

"स्लॅबवर पाणी किती दिवस ठेवायचं ते विचारत होत्या," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. "तू बी?" तो म्हणाला.

मी स्कूटरच्या डिकीतली हातोडी काढली आणि त्याच्या हातात दिली. तो उठला. आम्ही दोघं गल्ली ओलांडून निघालो, तो पुढे, मी मागे. दारादारांतून बायका बघत होत्या.

आत्यानं आम्हाला दारात बघितलं आणि बाजूला झाली. बाबानं स्टूल ओढलं, वर चढला आणि पीओपीच्या फुलावर हातोडी मारली. फूल एका ठोक्यात आलं. त्याच्यामागून पांढरा भुगा, माती, काँक्रीटचे तुकडे, गंजाची सालपटं खाली आली, आमच्या डोक्यावर, टीव्हीवर, देव्हाऱ्यावर. नात रडायला लागली, आत्यानं तिला कडेवर घेतलं. भुगा बसला तेव्हा वर सळ्या दिसत होत्या, आणि तो त्या बघत होता. इतकी वर्षं तो वर बघत आला होता. आज त्याला दिसलं.

मी दुसऱ्या स्टुलावर चढले, त्याच्या हातातून हातोडी घेतली आणि भिंतीकडून वाजवत यायला लागले. पोकळ आवाज त्याला ऐकू येणार नव्हता. त्यानं तळवा उघडून स्लॅबला टेकवला, जसा खाडीच्या तळाशी टेकवत असेल तसा, आणि मी वाजवत गेले तसा तो तळवा सरकवत गेला. मी ठोकायचे, तो मान हलवायचा. पुढे. पुढे. खिडकीपासून खोलीच्या मधोमध आल्यावर त्याचा हात थांबला.

"इथून फुडं न्हाय धरत," तो म्हणाला. "ह्ये सगला पाडाया लागंल."

आत्यानं नातीला माझ्या आईकडे पाठवलं, गादीवरचा भुगा झटकला, गादीची गुंडाळी केली आणि ती अंगणात नेऊन ठेवली.